तांबूच्या वाट्याचा घास

मित्रांनो, गोठ्यात शिरलात की तुमची नजर आधी गाईकडं जाते, मग वासराकडं. माझ्याकडं कुणी बघत नाही. बघावं असं माझ्यात काही नाहीही. बाभळीचं खोड पोटातून कोरून केलेली मी एक जुनी गव्हाण आहे. जनावरांपुढं जो चारा टाकायचा, तो माझ्यात टाकतात. एवढंच माझं काम, आणि ते करता करता मला चाळीस वर्षं झाली.

माझं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडं, कोसभर आत. बांधावरची बाभूळ वादळात पडली, तेव्हा आताचे घरधनी रामकिसन, त्यांच्या वडलांनी ती जळणाला दिली नाही. सुताराला बोलावून म्हणाले, "हिच्यात दोन बैलांची तोंडं बराबर मावली पाह्यजेत." सुतारानं आठ दिवस खपून माझं पोट कोरलं. कोरताना दुखलं का, असं तुम्ही विचाराल. ते काही आठवत नाही. पण पहिल्या दिवशी माझ्यात हिरवी वैरण पडली आणि दोन ओल्या नाकपुड्या आत आल्या, तो ऊन श्वास मात्र अजून आठवतो.

या घरचं शेत थोडं, जनावरं त्यामानानं बरी. दोन बैल, एक-दोन गाई, पाच-सात शेळ्या. त्यांच्या मागंच घरचं वर्ष फिरतं. थंडी सरता सरता ज्वारी निघते, मग गोठ्यामागं कडब्याची गंज रचायची. रामकिसन वर उभे आणि सून मीना खालून पेंढ्या फेकते. "मामंजी, झेला!" असं ती ओरडते, आणि निम्म्या पेंढ्या त्यांच्या डोक्यावर पडतात. उन्हाळ्यात शेणखत शेतात जातं. पावसाच्या तोंडावर शेळ्यांना लस टोचायची, पत्र्यांची भोकं बुजवायची. भादव्यात हिरवा मका बारीक कापून मोठ्या पिशव्यांत दाबून भरायचा. त्याला मूरघास म्हणतात. पिशवीवर नाचून नाचून हवा काढावी लागते. तो नाच बघायला मला फार आवडतं.

मधली काही वर्षं मात्र मी यातलं काही बघितलं नाही. घरात संकरित गाई आल्या, त्यांच्यासाठी सिमेंटची लांब गव्हाण बांधली, आणि मला उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. माझ्यात पावसाचं पाणी साचायचं. कोंबड्या अंडी घालायच्या. अंडं ऊन असतं, तेवढीच सोबत.

पुढं संकरित गाई गेल्या आणि रामकिसनच्या बायकोनं, गोजरबाईंनी, माहेराहून एक लाल कंधारी जातीची कालवड आणली. तिचं नाव तांबू. सिमेंटच्या कडेनं तांबूचा गळा सोलून निघायला लागला. तेव्हा गोजरबाई म्हणाल्या, "ती लाकडाची आणा. तिची कड कशी माणसाच्या खांद्यावानी गुळगुळीत है." त्यांनी मला स्वतः राखेनं घासलं, तेल पाजलं. खांद्याची उपमा मला कुणी दिली नव्हती, मित्रांनो. ती मी जपून ठेवली आहे.

गोजरबाईंचा एक नेम आहे. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, मग पहिल्या भाकरीचा चतकोर गाईच्या गव्हाणीत. गाईनं तो खाल्ला की त्या हात जोडतात आणि मगच स्वतःच्या तोंडात अन्न घालतात. एकतीस वर्षांत हा नेम चुकला नाही. आता त्यांना साखरेचा आजार आहे, सकाळी खाऊन गोळी घ्यावी लागते, तरी आधी गाय, मग त्या.

आता गेल्या साली काय झालं ते सांगते.

वसुबारसेच्या दिवशी आमच्याकडच्या बायका गहू खात नाहीत, दूध-तूप खात नाहीत, आणि सांजेला गाय-वासराची पूजा करतात. पूजेला नुसती गाय चालत नाही, वासरू पाजणारी लागते. पूर्वी अशा गाई घरोघरी असायच्या. गेल्या साली आमच्या आळीत वासराची गाय एकटी तांबूच. भादव्यातच व्यालेली, पायाशी तांबडी कालवड. मग सगळी आळी आमच्या गोठ्यात लोटली.

प्रत्येकीच्या हातात ताट. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, उडदाचे वडे, भात, वरून ओंजळभर धान्य. ताट ओवाळायचं आणि माझ्यात रितं करायचं. तांबू खात होती, मी भरत होते. खरं सांगू? मला अभिमान वाटत होता. इतकी भरलेली मी कधीच नव्हते.

आठ-दहा ताटं झाली तेव्हा रामकिसन दारातून म्हणाले, "अगं, बास कर आता. पोट है का पोतं?"

"देवाचा घास है," गोजरबाई म्हणाल्या. "आलेल्या बाईला न्हाई कसं म्हणू?"

तरी त्यांना ते पटलं असावं. शेवटी शेजारच्या चतुराबाई आल्या, तेव्हा गोजरबाईंनी ताटावर हात ठेवला. "चतुराबाई, आता ऱ्हाऊ द्या का? लई झालं तिला."

चतुराबाईंचा चेहरा उतरला. "साऱ्या गल्लीचं गोड लागलं आन् माझंच जड झालं का? दिवसभर उपाशी राहून केलंय मी."

गोजरबाईंनी हात काढला. चतुराबाईंचं ताटही माझ्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई चतकोर घेऊन आल्या, तेव्हा तांबू उठली नाही. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती. ती दात खात होती. कालवड सडांना ढुशा देत होती आणि सडांत काही नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी कुशीवर टिचकी मारली, कान लावला, आणि माझ्या तळाशी उरलेला भात बोटानं उचलून बघितला. "मावशी, गाईला चारा घातला का लग्नाच्या पंगतीला बसवलं?"

कुणी हसलं नाही. मग त्यांचाही आवाज खाली आला. "शिजलेलं अन्न आणि एवढं धान्य तिच्या पोटात आंबून गेलंय. मी सुया देतो, सोडा पाजू. पण मी सांगेपर्यंत तिच्यापुढं पाण्याशिवाय काही ठेवायचं नाही. भाकरीचा तर तुकडा सुद्धा नाही. उद्या दुपारपर्यंत रवंथ लागला, तर गाय तुमची. नाही लागला, तर मी काही सांगू शकत नाही."

मीनानं मला रिकामं केलं, धुतलं. गोजरबाई भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या हातातला चतकोर तसाच होता.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मीना दोनदा ताट घेऊन आली. "आत्याबाई, गोळी घ्यायची तर पोटात काही नको का?"

"गाईनं घास न्हाई घेतला, मी कसा घेऊ?"

"काल उपास, आज उपास. आता आम्ही डॉक्टर तरी किती बोलवायचे? एक गाईला, एक तुम्हाला?"

"बोलू नको गं," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसरा दिवस उजाडला. तांबू तशीच. गोजरबाई पुन्हा अंघोळ करून, पहिल्या भाकरीचा चतकोर घेऊन आल्या. चालताना त्यांचा तोल जात होता. माझी कड धरून त्या उकिडव्या बसल्या.

"इवलासा तर घास है," त्या पुटपुटल्या. "इवलाशानं काय होतंय?" चतकोराचा त्यांनी अर्धा केला, अर्ध्याचा पाव केला, आणि तो तुकडा माझ्यावर धरला. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते. मला तोंड आहे, ते फक्त उघडं राहण्यासाठी. जे पडेल ते घ्यायचं, आणि गाईपुढं धरायचं.

रामकिसन पाण्याची बादली घेऊन आले आणि बघत उभे राहिले. ते रागावले नाहीत. बादली ठेवून शेजारी बसले.

"गोजर, काय करून राह्यली?"

"एकतीस वर्सं झाली. एकदा बी चुकलं न्हाई."

"मला म्हाईत न्हाई का? मी बी एकतीस वर्सं तुझ्यानंतरच जेवतोय." त्यांनी बादली तांबूच्या तोंडाजवळ सरकवली. "देवाला समजावता येतंय गं. तिच्या पोटाला कोण समजावणार?"

कालवडीनं येऊन गोजरबाईंचा पदर चघळायला सुरुवात केली, तो त्यांनी सोडवलाही नाही. मग तो तुकडा त्यांनी तांबूच्या कपाळाला लावला.

"बाई, आज तुझ्या वाट्याचं मी खाते," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर माया केली ती बी मला दिसंल तशी केली. तुला काय सोसतंय ते इचारलंच न्हाई."

आणि तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला. कोरडी भाकरी लवकर गिळली गेली नाही. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून माझ्या कडेवर पडलं. मीनानं गोळी आणली, ती त्यांनी निमूट घेतली.

उन्हं पत्र्यावर आली. तांबूनं बादलीतलं पाणी थोडं प्यायलं. दुपारची एसटी जाते त्या वेळेला तिच्या नरड्यातून एक गोळा वर सरकला. मग मला तो आवाज ऐकू आला. दाढांवर दाढ, सावकाश, एका लयीत. वर्षानुवर्षं तो माझ्या डोक्यावर चालू असतो, इतका की मी तो ऐकणंच सोडून दिलं होतं.

"मीने!" गोजरबाईंनी हाक मारली. "अगं ये जल्दी! रवंथ करून राह्यली बघ!"

डॉक्टर संध्याकाळी आले तेव्हा तांबू उभी होती. त्यांनी मूठभर सुका कडबा माझ्यात टाकायला सांगितला. मूठभरच. मला तो पुरला.

यंदाही वसुबारस आली, आणि बायका ताटं घेऊन आल्या. गोजरबाई माझ्यापुढं उभ्या. प्रत्येकीला त्या हळू आवाजात एकच सांगत होत्या, "ओवाळा, हळद-कुंकू लावा, ताट तिला दाखवा. मंग भाईर पोरं बसलीत, त्यांना वाटा. तिच्या पोटात गेलं काय आन् लेकरांच्या गेलं काय." काही जणी कुजबुजल्या. एकीनं नाक मुरडलं. चतुराबाई सगळ्यांच्या मागं होत्या. त्यांनी ताट दाखवलं, बाहेर पोरांना वाढलं, आणि परत येऊन तांबूच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवत उभ्या राहिल्या. तांबूनं मान लांब केली, डोळे मिटले.

"गोजरबाई, हिला हे लई आवडतंय की!"

"आवडतंय तर. त्याला पथ्य न्हाई."

मित्रांनो, मी घास धरणारी आहे, म्हणून मला हे सांगण्याचा हक्क आहे. तुमच्या घरी गाय असेल, शेळी असेल, दारात येणारं कुत्रं असेल, तर सणाच्या दिवशी त्याच्यापुढं ताट रितं करण्याआधी जरा थांबा. किती खाल्लं ते त्याला सांगता येत नाही आणि पुरे म्हणता येत नाही. माया उतू चालली असेल, तर हात रिकामा घेऊन जा आणि गळ्याखाली खाजवा.