जोडीची लाट

"परत मारा, गुरुजी," दार्मिनी म्हणाली आणि तिने टॅब पट्टीच्या आणखी जवळ नेला.

वार्सा गुरुजींनी लाकडी हातोडी मारली. काशाच्या पट्टीचा बारीक, टोकदार सूर आळीच्या सभामंडपात छपरापर्यंत गेला. पडद्यावरचा आकडा थरथरला आणि थांबला. सेकंदाला सोळाशे चार कंपनं. गुरुजींनी शेजारच्या वाद्यावरची तीच पट्टी मारली. सोळाशे पंधरा.

"किती?"

"अकराचा फरक."

"आणि हवा किती?"

"खालच्या सगळ्या जोड्यांत सातच्या आसपास आहे."

गुरुजींनी खिशातून कागद काढून त्यावर ११ लिहिलं. त्याच्या वर आधीच ३, १० आणि १ लिहिलेले होते. गामलानमध्ये, म्हणजे काशाच्या वाद्यांच्या या ताफ्यात, एकेकटं वाद्य नसतंच. प्रत्येकाला जुळं असतं आणि ते केसभर चढं लावलेलं असतं. दोन्ही एकदम वाजली की सूर एकमेकांशी किंचित भांडतात आणि त्या भांडणातून लाट उठते, सेकंदाला सातेक हेलकावे. लाट नसेल तर सूर मेलेला, फार असेल तर चिडका. मोठ्या वाद्यांची लाट ठीक होती. बिघडली होती ती सगळ्यांत लहान, सगळ्यांत चढ्या चार वाद्यांची, कांतिलांची. आणि गेल्या वर्षी त्यांतली चढी जुळी पेकाकांनी नव्याने लावली होती.

सेदेंग हे त्यांचं नाव, पण अख्खी आळी त्यांना पेकाक, म्हणजे आजोबा म्हणायची. आसपासच्या नऊ गावांची वाद्यं त्यांच्या हाताखालून गेली होती.

"पोरं कुजबुजतात, वरचा सूर आंबलाय म्हणून," गुरुजी म्हणाले. "मी म्हटलं, गप्प बसा. पण देवळाचा उत्सव तीन आठवड्यांवर आलाय. पलीकडच्या गावचा वाद्यं लावणारा कारागीर बोलावू म्हटलं तर सभेत पुरावा लागेल. तुझं यंत्र काही कुणाचं नातेवाईक नाही."

"पेकाकांना विचारलंत?"

"काय विचारू? पेकाक, तुम्ही बहिरे झालात का हो, असं?"

दार्मिनीने टॅब छातीशी धरला. सकाळी ती उबुदच्या एका हॉटेलात पाहुण्यांची नावं लिहून घेई आणि दुपारी घरच्या ओट्यावर बसून या काचेवर संगीत करी. पडद्यावर डबे मांडायचे, एका डब्याच्या भोकातून दुसऱ्याच्या भोकात रंगीत तारा ओढायच्या, सोळा चौकोनांची ओळ पेटवायची, की ओळ आपोआप फिरत राही आणि आवाज जन्माला येत. आळीतले लोक म्हणत, ही पोरगी काचेवर कपडे धुते. मोजमापाचं काम तिने गंमत म्हणून घेतलं होतं. कागदावरचे आकडे पाहताना आता ती गंमत राहिली नव्हती.

"सभा कधी आहे?"

"येत्या रविवारी."

"तोवर कागद कुणाला दाखवू नका."

"तू काय करणार?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेकाकांच्या अंगणात गेली. भट्टी थंड होती. पेकाक चटईवर बसून बांबूची नळी तासत होते. तिने भाताची आणि फुलांची झावळीची परडी भट्टीपाशी ठेवली, उदबत्ती लावली आणि समोर बसली.

"कॉफी घे. थर्मासात आहे," पेकाक म्हणाले. "आणि वार्साने पाठवलंय, की स्वतःहून आलीस?"

"स्वतःहून."

"मग वाईटच बातमी असणार. चांगल्या बातमीला वार्सा स्वतः येतो."

तिला हसू आलं आणि लगेच गेलंही. "पेकाक, कांतिलांची चढी जुळी..."

"चुकलीत."

तिने मान वर केली. पेकाक नळी तासतच होते.

"माझ्या कानाचा वरचा मजला बंद झालाय, पोरी. आता तीन वर्षं होतील. हातोड्याने आधी पक्षी नेले, मग रातकिडे, मग कांतिल. खालच्या मजल्यावर सगळं ठीक चाललंय. तुझं बोलणं ऐकू येतं, कोंबडा ऐकू येतो, बायकोची कटकट तर भिंतीपलीकडूनही."

"मग गेल्या वर्षी कशी लावलीत?"

"हाताने. कुठली पट्टी किती घासावी लागते ते हाताला माहीत आहे. वाटलं, हात कानाचं काम करील." त्यांनी नळीवरचा भुसा फुंकला. "नाही केलं त्याने."

"सांगायचं ना कुणाला तरी!"

"सांगितलं असतं, तर त्या दिवसापासून मला उत्सवाचं आमंत्रण फक्त जेवायला आलं असतं."

कॉफीच्या पेल्यावर माशी बसली, ती दार्मिनीने हाकलली. मग तिने टॅब मांडीवर घेतला आणि पडद्यावर दोन डबे मांडले. एकात माइकचा आवाज यायचा, दुसरा तो चौपट खाली आणायचा. मधे एक पिवळी तार.

"कांतिलाची ती पट्टी आहे इथे? वरून दुसरी?"

कांतिलांचे दोन्ही जोड दोऱ्या बदलायच्या निमित्ताने सकाळीच सभामंडपातून त्यांच्याकडे आले होते. तिने पेकाकांच्या कानांवर हेडफोन चढवले. टोपी आडवी येत होती, ती त्यांनी काढून गुडघ्यावर ठेवली. तिने दोन्ही पट्ट्या एकदम वाजवल्या.

पेकाकांचा हात जागच्या जागी थांबला.

"आलं. काहीतरी आलं," ते म्हणाले. आणि मग, "पण हे खोटं आहे."

"खोटं कसं?"

"लाट म्हाताऱ्या म्हशीसारखी चालतेय. काशाची लाट अशी नसते. सूर खाली आणताना तू लाटेलाही खाली ओढलंस."

तिने आकडे मनात मांडले. सोळाशे चार भागिले चार, सोळाशे पंधरा भागिले चार. अकराचा फरक जेमतेम तीनवर आला होता. म्हातारा बरोबर होता, आणि तो कागदाशिवाय बरोबर होता.

मग तिने पिवळी तार उपटली. भागायचं नव्हतंच, वजा करायचं होतं. दोन्ही सुरांतून सारखेच बाराशे काढून घेतले तर उरतील चारशे चार आणि चारशे पंधरा. मधलं अंतर तेवढंच राहील. त्यासाठी तिच्याकडे एक डबा होता. माणसाचा आवाज भुतासारखा करायला तो ती वापरायची. तिने तो आणला, तार जोडली, आकडा बसवला.

"आता ऐका."

तिने पट्ट्या मारल्या.

पेकाकांनी डोळे मिटले. त्यांचं बोट गुडघ्यावरच्या टोपीवर वाजायला लागलं, फार भराभर. मग ते बोट थांबलं.

"आवाज पत्र्याच्या डब्याचा आहे," ते हळू म्हणाले. "पण लाट खरी आहे." मग त्यांनी विचारलं, "ही अशी मी लावली?"

दार्मिनीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"आणि हे वर्षभर पोरांनी वाजवलं. देवासमोर."

"हो, पेकाक."

त्यांनी हेडफोन काढले नाहीत. नुसताच हात पुढे केला. "तिथली कानस दे."

त्यानंतर सलग चार दुपारी ती हॉटेलातून थेट अंगणात यायची. पेकाक चढी पट्टी उलटी करत, सूर उतरवायला पोटापाशी किंवा चढवायला टोकाशी घासत, परत टांगत, आणि तिच्याकडे पाहत. ती दोन्ही पट्ट्या मारी. ते ऐकत, मान हलवत, परत घासत. पहिल्या दिवशी तिने मदत म्हणून चौकोनांची ओळ सेकंदाला सात ठोक्यांवर लावून दिली, म्हणजे लाट त्याच्याशी ताडून पाहता येईल.

"हे टकटक कोण करतंय?"

"सात मोजतंय. तुम्हाला सोपं जावं म्हणून."

"बंद कर. सात मोजून लाट लावली तर ती शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी राहील. वर जाताना जरा धावली पाहिजे. इथे सात, तिथे साडेसात, शेवटच्या पट्टीला आठही चालेल. का ते विचारू नकोस, मला सांगता येत नाही."

तिने ठोके बंद केले. त्या रात्री घरी तिने स्वतःची जुनी रचना लावून पाहिली. सगळे सूर आपापल्या जागी चोख बसलेले, एकाचंही दुसऱ्याशी भांडण नाही. ती अर्ध्यावरच तिने थांबवली.

तिसऱ्या दिवशी पेकाकांचा हात दुखायला लागला. "धर," ते म्हणाले. "मी सांगेन तिथे घास. जोर लावू नकोस, मांजरीचं डोकं खाजवल्यासारखं." तिने दोन पट्ट्या घासल्या. दुसरी फार घासली गेली. पेकाकांनी ती गुपचूप घेऊन टोकाशी घासली आणि वळणावर आणली.

रविवारी सकाळी वार्सा गुरुजींनी सभेच्या आधी स्वतः मोजून पाहिलं. तिचाच टॅब घेऊन त्यांनी एकेक पट्टी वाजवली, कागदावरचे जुने आकडे खोडले आणि शेजारी नवे लिहिले. सात. सात. साडेसात. त्यांनी दार्मिनीकडे पाहिलं. तिने चटईची दशी ओढायला घेतली.

सभेत पस्तीसेक माणसं होती. कॉफी फिरली, केळ्याचे तळलेले काप फिरले. उत्सवाचे दिवस ठरले, कोण किती वेळ वाजवणार ते ठरलं. मग गुरुजी उभे राहिले.

"वरच्या सुरांबद्दल थोडी कुजबुज होती. माझ्याही मनात शंका होती, कबूल करतो. आज मी मोजून पाहिलं. एकही पट्टी चुकलेली नाही. पेकाकांनी नव्याने लावून दिलीत. या वयात! कान असावेत तर असे."

माना डोलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "तर काय!" दार्मिनीने श्वास सोडला. पेकाकांचं आमंत्रण आता नुसतं जेवायचं राहणार नव्हतं. आपलं काम झालं, असं तिला वाटलं.

पेकाक गुडघ्यावर हात टेकून उठले.

"वार्सा, तुझा कागद खरा आहे, भाषण खोटं आहे. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत. तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी मी आंधळेपणाने लावले आणि तुम्ही ते वाजवलेत. त्याची माफी मी देवळात मागून आलोय, आता इथे मागतो. या खेपेला ऐकलं ते हिच्या काचेतून."

कापांची थाळी फिरायची थांबली. पेकाकांच्याच वयाचा, ढोल वाजवणारा राका खाकरला.

"मग गेल्या वर्षीच सांगायचं होतंस, लेका."

"गेल्या वर्षी ही माझ्याकडे आली नव्हती."

"आणि काच बिघडली तर?" एक पोरगा म्हणाला. "दरवेळी बॅटरी भरून देवाचे सूर लावायचे?"

"काच ऐकते," पेकाक म्हणाले. "लावत नाही. लावायला हात लागतो." आणि ते खाली बसून कॉफीचा पेला शोधायला लागले.

गुरुजी अजून उभेच होते. "मग पुढच्या वेळी कोण?"

पेकाकांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सभेतल्या पस्तीस माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या, आणि दार्मिनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या माणसांनी कधी तिला काचेवर कपडे धुणारी म्हटलं होतं, कधी काहीच म्हटलं नव्हतं. कानस आजवर या आळीत कुठल्या बाईच्या हातात गेली नव्हती, हे कुणी बोललं नाही, आणि सगळ्यांना ते ऐकू आलं.

"मला घासता येत नाही," ती म्हणाली. "दोन पट्ट्या घासल्या, त्यांतली एक बिघडवली."

"मलाही येत नव्हतं," पेकाक पेल्यात पाहत म्हणाले. "पहिल्या वर्षी मी अकरा पट्ट्या वाया घालवल्या."

"चौदा," राका म्हणाला. "मी तिथेच होतो. तुझ्या बापाने तुला भट्टीभोवती पळवला होता."

सभा हसली. पेकाकही हसले. थाळी परत फिरायला लागली आणि दार्मिनीपाशी आली. तिने एक काप उचलला, पण खाल्ला नाही. गुरुजी तिच्या उत्तराची वाट पाहत होते, कागद अजून हातात घेऊन.

"पेकाक," तिने विचारलं, "वाया गेलेल्या पट्टीचं काय करतात?"

"वितळवायची," पेकाक म्हणाले. "परत ओतायची."

तिने गुरुजींकडे पाहून मान डोलावली आणि काप तोंडात टाकला.