गाण्याआधीचा श्वास

"आधी दार लाव. पंखा बंद कर. मग इथे बस, आणि सुई टेकली की हातातल्या किल्ल्यासुद्धा वाजता कामा नयेत."

लग्न होऊन ती या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी नवऱ्याने हे सांगितलं होतं. इतर बायकांना नवरे काय काय सांगत असतील, आणि आपल्या वाट्याला हे, असं मनात येऊन तिला हसू आलं होतं. पण तिने दार लावलं, पंखा बंद केला, किल्ल्या उशीखाली ठेवल्या. काळी तबकडी फिरायला लागली, सुई टेकली, आणि त्या शांततेत एका बाईने श्वास घेतला. इतका जवळ, की तिने दचकून मागे पाहिलं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. तो श्वास पुरा झाला आणि मग गाणं सुरू झालं.

"आलं लक्षात?" नवरा कुजबुजला. "गाणं काय, कुणीही ऐकवेल. हा श्वास ज्याच्यावर ऐकू येतो, ते मशिन खरं."

तेव्हापासून त्या घरात गाणाऱ्या त्या अनोळखी बाईचा श्वास हाच सगळ्याचा निवाडा करू लागला. नवी सुई आणली, लाव तो श्वास. स्पीकर वीतभर सरकवले, लाव तो श्वास. नवरा बांधकाम खात्यात नकाशे काढायचा, त्यामुळे नजर रेघेत बसलेली. खोलीच्या जमिनीवर त्याने खडूने खुणा करून ठेवल्या होत्या, खुर्ची कुठे, स्पीकर कुठे. झाडताना त्या पुसल्या की तो अर्धा दिवस गप्प राही. मित्र त्याला कानसेन म्हणत, आणि हळूहळू बाहेरच्यांना त्याचं खरं नाव आठवेनासं झालं. घरात देव्हारे दोन होते म्हणायचे. तिचा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पहाटेचा. त्याचा बाहेरच्या खोलीत, संध्याकाळचा, आणि त्यातल्या मूर्ती पुसायला मऊ केसांचा ब्रश लागे. तिची कधी तक्रार नव्हती. माणूस दिवसातून तासभर हात जोडल्यासारखा गप्प बसतो, एवढं तिला पुरेसं होतं.

त्या देव्हाऱ्याचा कारागीर म्हणजे मेकॅनिक. बाजारामागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. कानसेनांचा ॲम्प्लिफायर त्यानेच सुट्या भागांतून उभा केला होता, काचेचे वाल्व असलेला, चालू केला की अंधारात निखाऱ्यासारखा दिसणारा. दर आठवड्याला तो बायकोला घेऊन यायचा. पुरुषमंडळी दार लावून आत बसत आणि दोघी बायका स्वयंपाकघरात. "वहिनी," मेकॅनिक जाता जाता चिडवायचा, "तुमच्या घरात सवत आणून ठेवली मी, मला माफ करा." ती म्हणायची, "भाऊजी, सवतीचं पुसायला-झाडायला मीच आहे, तेवढं बघा."

मेकॅनिकची बायको कमी बोलायची. ॲम्प्लिफायरमधला मोठा ट्रान्सफॉर्मर तिने स्वतः गुंडाळला होता. केसासारखी बारीक तांब्याची तार, एक थर झाला की मध्ये कागद, पुन्हा थर. नामजप करावा तशी ओठांतल्या ओठांत वेढे मोजायची. मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. "चुकला की सगळं उलगडायचं," ती म्हणायची. दोघींचं जमलं ते त्यामुळेच. दोघींनाही न बोलता बसता यायचं.

वर्षं गेली. कानसेन निवृत्त झाले, केस पांढरे झाले, ऐकायच्या बैठकीला येणारे शिंपीकाका आणि दातांचे डॉक्टरही काठीवर आले. एकदा ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागला म्हणून मेकॅनिक तो दुकानात घेऊन गेला आणि आठवड्याने परत आणून बसवला. सगळे जमले. सुई टेकली. कानसेन खुर्चीत पुढे वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

त्यांनी सुई उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा. मग ते एवढंच म्हणाले, "श्वास गेला."

मेकॅनिक हसत म्हणाला, असं कसं होईल. कानसेनांनी बैठकीतल्या एकेकाला विचारलं. शिंपीकाकांनी मान हलवली, नाही. दातांचे डॉक्टर डोळे मिटून बसले आणि म्हणाले, पूर्वी होता खरा, आता नाही. मेकॅनिकने स्वतः स्पीकरला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. त्यालाही तो सापडला नाही, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

त्या वेळी दोघी बायका चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. आणि त्या दोघींना तो श्वास ऐकू आला. नेहमीसारखा, स्वच्छ, अगदी कानाशी. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पण आत चाललेलं प्रकरण भलतंच वाढलं होतं. कानसेन मोठ्या आवाजात म्हणत होते की जुना ट्रान्सफॉर्मर काढून दुसरा, हलका घातलाय. जुन्या मालाला आता गिऱ्हाईक आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

"म्हणजे मी चोरी केली," मेकॅनिक म्हणाला.

शिंपीकाका टोपी शोधायला लागले. मेकॅनिकची बायको ट्रे खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, वेढे माझेच आहेत त्यात. उघडून दाखवते." कानसेनांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेकॅनिक उठला, बायकोला म्हणाला, चल. ती दोघं गेली, आणि चहा तसाच गार झाला.

त्या रात्री आवरताना तिने नवऱ्याला सांगितलं, मला तर ऐकू आला हो. ते कीव करावी तसे हसले. "तुला तो आठवतो, म्हणून ऐकू येतो. कान असेच फसवतात." ते आयुष्यभर ऐकत आलेले, ती स्वयंपाकघरातली. तिला खरंच वाटलं, असेल तसं. खोटं बोलायचं नाही हा तिचा व्रतासारखा नेम. पण आपलं खरं आपल्यालाच खरं वाटेना, तर त्याला काय करावं, हे तिला कुठल्या पोथीत सापडलं नव्हतं.

पुढचं सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं, आणि कानांनीही. वाल्वचा ॲम्प्लिफायर भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला. नवं मशिन आलं, चकचकीत. त्यानेही समाधान होईना, म्हणून बारीक आवाजांसाठीचे छोटे स्पीकर बदलले, मग आणखी तिखट असे लावले, मग त्यांचं बटण थोडं थोडं करत टोकापर्यंत गेलं. एके दिवशी कानसेन आनंदाने ओरडले, आला, श्वास आला. तो श्वास आता सापाच्या फूत्कारासारखा येत होता. गाणाऱ्या बाईचा प्रत्येक स, प्रत्येक च सुईसारखा टोचायचा. शेजारीण जिन्यात भेटली की म्हणायची, आजोबांना सांगा, आमच्या बाळाला दचकायला होतं. इकडे घरात ती संध्याकाळी कानात कापूस घालून जपाला बसू लागली. शेजाऱ्यांची बोलणी तिनेच खाल्ली. त्यांना कळू दिली नाहीत.

तिकडे गावात गोष्ट पसरायची तशी पसरली. कानसेनांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असा त्यांचा मान. एकेक गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. मेकॅनिकने म्हणे दुकानातल्या जुन्या मशिनवर तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावून बघितली. जोडण्या उघडल्या, पुन्हा केल्या. बायको सांगत होती की आवाज आहे, बरोबर आहे, पण त्याच्या कानाला पटत नव्हतं. माझ्याच हातून कुठेतरी बिघडलं, असं तो लोकांना सांगायला लागला. मग लोकांशी बोलायचाच थांबला. हिवाळ्यात तो गेला. शिंपीकाकांनी येऊन निरोप दिला. कानसेन खुर्चीतून उठले नाहीत. "तुला जायचं तर जा," म्हणाले. ती गेली नाही. नवरा जात नसताना आपण कुठल्या तोंडाने जायचं, हेच तिला सुचलं नाही.

मुलगी सासरहून राहायला आली, आई बाजारात गेलेली असताना दाराची बेल वाजवून वाजवून थकली, आणि तिने वडिलांना जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. आईही बरोबर गेली. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं होतं. ती बाहेरून काचेतून बघत होती. डॉक्टरबाई एकेक आवाज सोडत होत्या. कानसेन समोर बघत होते, अंगठा बटणावर, न हललेला. ऐकायला बसल्यावर जी शांती त्यांच्या तोंडावर यायची, तीच आताही होती. तिला तिथून निघून जावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला. रेघ डावीकडून थोडी सरळ जात होती आणि मग कडा कोसळावी तशी खाली. ज्या माणसाने जन्मभर रेघा वाचल्या, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त बोट ठेवून विचारलं, "ही इथून खाली यायला लागली, ती केव्हापासून?"

"फार हळूहळू होतं आजोबा हे," डॉक्टरबाई मोठ्याने म्हणाल्या. "बरीच वर्षं. बारीक आवाज आधी जातात. पाखरं, कुजबुज, श्वास. माणसाला वाटतं समोरचाच पुटपुटतोय. या वयात सगळ्यांचंच होतं."

"सगळ्यांचंच," कानसेन म्हणाले. शिंपीकाका, दातांचे डॉक्टर, मेकॅनिक. तिला दिसलं की ते मनातल्या मनात खोलीतल्या एकेका खुर्चीकडे बघतायत.

कानात घालायचं यंत्र घेतलं. घरी येऊन त्यांनी एकदाच तबकडी लावली. थोडं ऐकलं, "पत्रा वाजतोय नुसता," म्हणाले, यंत्र काढून डबीत ठेवलं, आणि सुई उचलायचंही त्यांना सुचलं नाही. तबकडी संपून नुसतीच फिरत राहिली, तेव्हा तिने जाऊन ती बंद केली. मुलीने समजूत घालून पाहिली, सवय होईल बाबा. त्यांनी मान हलवली आणि नंतर मुलगी सासरी परत गेली. मग दिवसच्या दिवस ते त्या खुर्चीत बसून राहिले, बंद मशिनसमोर. पुढ्यातलं जेवायचे. झोपायचेही. काही विचारलं तर उत्तर द्यायचे. पण त्यांच्यातलं कोणीतरी उठून गेलं होतं आणि ते परत येणार नव्हतं, हे तिला पहाटे जपाला बसल्यावर स्पष्ट कळायचं. तिने त्यांच्यासाठी मागायचं ठरवलं, पण काय मागावं? कान परत मिळणार नव्हते. गेलेला माणूसही नाही. तिने नुसतं नाव घेतलं आणि पुढे काही मागितलं नाही.

एका दुपारी त्यांनी तिला हाक मारली. ऐकू येत नाही म्हणून आता ते फार मोठ्याने बोलत; शेजारी सगळं ऐकू जाईल, ही तिला काळजी वाटली, आणि मग तीही वाटेनाशी झाली.

"तुला ऐकू आला होता ना त्या दिवशी?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"आणि तिलाही?"

"हो."

"मग मी मारलं त्याला," ते म्हणाले. "आणि त्याला वाटत राहिलं, आपण चुकलो. शेवटपर्यंत."

तसं काही नाही, असं बायका म्हणतात. तिच्याही ओठांवर आलं. पण ते खरं नव्हतं. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

जायला पाहिजे, ते म्हणाले. मेकॅनिकच्या बायकोच्या दारात जाऊन सांगायला पाहिजे की वेढे तुझेच होते, तार तुझीच होती, त्याचा हात कुठेही चुकला नव्हता. चारचौघांत आळ घेतला, तर चारचौघांत परत घ्यायला पाहिजे. शिंपीकाकांना, डॉक्टरांना सगळ्यांना सांगणार आहे. पण तिच्याकडे... ते थांबले. यंत्राची डबी त्यांनी हातात घेतली आणि पुन्हा ठेवली.

"तिचा आवाज किती बारीक, तुला माहीत आहे. ती मला शिव्या देईल, नाहीतर रडेल, नाहीतर दोन शब्द बोलेल. यंत्र लावूनही मला ते ऐकू येणार नाही. मी काय म्हणू तिला? काय म्हणालात, पुन्हा सांगा? नवरा गमावलेल्या बाईकडून शिव्या दोनदा वदवून घेऊ?"

त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला. इतक्या वर्षांत त्यांना रडताना तिने पाहिलं नव्हतं, आताही ते धड रडले नाहीत. "तू जा," ते म्हणाले. "माझं सांग, आणि मग ऐक. ती जे म्हणेल ते सगळं ऐकून ये. मऊ करून नको सांगूस मला. देवापुढे बोलतेस तसं सांग."

"सांगेन," ती म्हणाली. त्यांना ओठांवरून कळलं की नाही, याची खात्री नव्हती, म्हणून तिने त्यांचा हात धरून दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळचा जप झाल्यावर तिने त्यांचं जेवण झाकून ठेवलं आणि कपडे बदलले. मेकॅनिकची बायको दार उघडेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी जायचं होतं त्या दिवशी आपणही का गेलो नाही, हे ती विचारणारच होती. नवऱ्याच्या वाट्याचं ऐकायला निघालो, तरी अर्धं आपल्या वाट्याचं असणार. काय काय बोलायचं ते तिने मनात रचून पाहिलं आणि सोडून दिलं. बोलायचं थोडंच होतं. ऐकायचं होतं.

कानसेन खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिने पायात चपला घातल्या आणि "येते" म्हणाली. ते वळले नाहीत. तिने पुन्हा म्हटलं नाही. जिन्याचा कठडा धरून ती एकेक पायरी उतरली, रस्त्यावर आली आणि बाजारामागच्या गल्लीच्या दिशेने चालू लागली.