आठ आणि नऊच्या मधे

"काका, उठा बरं. नुसतं खुर्चीवरून उभं राहायचंय, डोंगर नाही चढायचाय," फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली.

"डोंगर परवडला," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

झालं! दुपारचा व्यायाम आटोपला. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं मांडीवरच्या टॉवेलची चौथ्यांदा घडी घातली. न्हाणीघरात पाय घसरून नवऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, पण हा बाबा खुर्चीला जो चिकटला तो चिकटलाच. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, उद्याच्या राउंडला स्वतःचे स्वतः उठले तर घरी, नाहीतर गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात. केंद्र चांगलं होतं, पुढे बागसुद्धा होती. पण तिथून कुणी घरी परतल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

खिडकीचा पडदा वाऱ्यानं फुगत होता, पुन्हा बसत होता. सगळा वॉर्ड पेंगुळला होता. नवऱ्याचा श्वास जड झाला. मुलगीही स्टुलावर टेकली, मोबाइल काढला आणि अंगठे नाचवू लागली. आतून धपाधप आवाज, गर्दीचा गलका.

"कसली गं ही मारामारी?"

"बॉक्सिंगचा गेम आहे काकू. माझ्या जन्माआधीचा! आता परत आलाय, सगळे नुसते खुळावलेत. अरे देवा, पडले मी. दहा मोजायच्या आत उठले नाही तर हरले!"

मोबाइलमधून एक तरुण बाई मोजू लागली. एक. दोन. तीन. स्वच्छ, नितळ आवाज. बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. सहा. सात. आठ. मग काहीच नाही. पडदा आत आला, बाहेर गेला.

"हॅलो?" नवरा झोपेतच म्हणाला. "कोण बोलतंय?"

"नऊ," मोबाइल म्हणाला.

बायकोला हसू आलं. तो आवाज तिचाच होता. गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. आकडे मोजायला ठरवलेल्या नटाचा ऐन वेळी घसा बसला, तेव्हा हिला स्विचबोर्डवरून उठवून काचेच्या खोलीत उभं केलं. "दहापर्यंत मोज, बस्स." तिनं मोजलं. पण आठला थांबली, कारण आठ रिंग झाल्या की थांबायची तिला सवय होती. 'कुणी उचलत नाही' म्हणून लाइन तोडण्याआधी जरा दम धरायचा. माणूस आतल्या खोलीतून येत असेल, पायात चप्पल सरकवत असेल. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून ते तसंच राहिलं.

त्या वेळी गेमवर टीकाकार तुटून पडले होते. एक म्हणाला, समोरचे पैलवान कपाटाएवढे आणि आपला गडी उंदराएवढा, ही काय लढत झाली? दुसरा म्हणाला, हे बॉक्सिंगच नाही, हे कोडं आहे. आणि एका साप्ताहिकात एका दीडशहाण्यानं दहापैकी चार गुण देऊन वर लिहिलं, "मोजणारी बाई आठ आणि नऊच्या मधे डुलकी काढते."

ती अशी भडकली म्हणता! तिनं थेट साप्ताहिकाला फोन लावला. आठ रिंग झाल्या. सवयीनं ती थांबली. नवव्या रिंगला कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "हॅलो? कोण बोलतंय?"

"ती झोपलेली बाई बोलतेय," ती म्हणाली.

फोन उचलणाऱ्या त्या दीडशहाण्याशीच पुढे तिचं लग्न झालं. पण ते वाक्य त्यानं कधी मागे घेतलं नाही. छापलं ते छापलं, म्हणे. त्यानं दुसरा कप चहा मागितला की ती म्हणायची, "चार गुणवाल्यांना एकच कप." सगळा संसार याच भांडणावर हसतखेळत झाला.

"आणि काकू, लोक काय लिहितायत बघा," मुलगी वाचू लागली. "'हा गेम मारायला नाही, बघायला शिकवतो. समोरचा ठोसा मारण्याआधी काहीतरी सांगून जातो. कुणी भुवई उडवतो, कुणी पाय आपटतो. आणि आपण पडलो की मोजणारी बाई आठनंतर थांबते. आपण उठणार याची तिला खात्री असते.' दहापैकी दहा!"

"हल्ली गुण फार स्वस्त झालेत," नवरा डोळे न उघडताच म्हणाला.

"जागे आहात होय! मग उठा की."

तो हळूच म्हणाला, "भीती वाटते गं. पाय माझे वाटतच नाहीत."

"मलाही वाटते भीती," ती म्हणाली. "घरात संध्याकाळ खायला उठते. तुम्ही त्या बागेत जाऊन बसलात, तर मी भांडायचं कुणाशी?"

त्यानं डोळे उघडले. तिनं टॉवेल बाजूला ठेवला, त्याच्यासमोर उभी राहिली, पाठ ताठ केली. आवाज थोडा चिरकला होता, पण स्वच्छ होता.

"एक."

मुलीचे अंगठे थांबले.

"दोन. तीन. चार."

त्यानं खुर्चीचे हात धरले. पाचला बोटं पांढरी पडली. सहाला तो अर्धा उठला आणि सातला धपकन खाली बसला. मुलगी सावरायला पुढे झाली, बायकोनं हातानंच तिला थांबवलं.

"आठ."

पडदा आत आला, बाहेर गेला. बाहेर कुठंतरी औषधांची ढकलगाडी कुरकुरत गेली. मुलगी एकदा मोबाइलकडे, एकदा काकूंकडे बघत राहिली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"मोज की पुढं," नवरा धापा टाकत म्हणाला. "डुलकी लागली?"

"नाही. तुम्ही सावकाश या. मी लाइनवर आहे."

तो ओठ घट्ट मिटून पुढे झुकला. खुर्ची करकरली. मग त्याच्या मागे, खुर्चीच्या रिकाम्या गादीतला खळगा हळूहळू भरून यायला लागला. ती अजून आठवरच थांबली होती.