भिंगरीची उजवी बाजू

तिने खोगिराचा तंग आवळला, घोड्याला चार पावलं चालवलं आणि पुन्हा आवळला. काळ्याने पोट फुगवलं नव्हतं, पण तिची सवय जात नव्हती. शिकायला आली त्या पहिल्याच दिवशी भिंगरी नावाच्या तट्टाने पोट फुगवून तिला बनवलं होतं, आणि तंग सैल राहून ती खोगिरासकट त्याच्या पोटाखाली लटकली होती. तबेल्यातली माणसं ती गोष्ट अजून चवीने सांगत.

सोळावं सरलं तरी तिला सगळे पिटुकलीच म्हणत. आज घोडेस्वारीच्या संघाची निवड होती. चार जागा भरल्या होत्या, उरलेल्या एकीसाठी तिघी मुली होत्या. तिघींना घोडा एकच, हा काळ्या, बाहेरच्या तबेल्यातून मुद्दाम आणलेला, उंच आणि कुणाच्याही ओळखीचा नसलेला. आधीच्या दोघींपुढे तो तिसऱ्या अडथळ्याशी गच्च थांबला होता. त्यातली एक तर थेट वाळूत गेली होती आणि आता कुंपणाशी तोंड फिरवून उभी होती.

"हट्टी आहे नुसता. छडी हातात ठेव," काळ्याची देखभाल करणारा मोतद्दार म्हणाला.

तिला शिकवणारे मास्तर जवळच उभे होते, पण ते कुंपणाकडे निघून गेले. पिटुकलीला त्याचं नवल वाटलं नाही. इतर मुलींना ते चांगले घोडे देत. तिच्या वाट्याला आली चावरी महाराणी, मग दर पावलाला उसासा टाकणारा अजगर, आणि त्याआधी तब्बल वर्षभर ती एका डोळ्याने आंधळी भिंगरी. "मास्तरांनी माझ्यावर डूख धरलाय," ती घरी कुरकुरायची. आई म्हणायची, "पडत नाहीस ना? मग झालं तर."

पहिले दोन अडथळे काळ्याने सहज ओलांडले. मग मैदानाचा कोपरा आला, उजवीकडे वळण आलं, आणि त्याने मान थोडी उजवीकडे वाकवली, कान टवकारले. मानेचा हा बाक पिटुकलीने भिंगरीवर बसून वर्षभर रोज पाहिला होता.

तिने छडी वाळूत टाकून दिली. जवळचं वळण सोडून लांबचा वळसा घेतला आणि अडथळा काळ्याच्या डाव्या डोळ्यासमोर राहील अशा बेताने त्याला अडथळ्याच्या उजव्या अंगाने आणलं. "चल राजा, मी आहे," ती त्याच्या कानाशी बोलत राहिली. काळ्या उडाला. शेवटच्या अडथळ्याचा दांडा हलला, पण पडला नाही. टाळ्या वाजल्या. जागा तिची झाली होती.

खाली उतरल्यावर ती त्याच्या उजव्या बाजूला गेली. लगाम चढवणं, खोगीर घालणं, वर बसणं, सगळं डावीकडूनच होतं. उजवीकडे मुद्दाम जातो कोण? तिने त्याच्या डोळ्यासमोरून तळहात हळूच फिरवला. पापणी लवली नाही. परीक्षक बाई गुण लिहीत होत्या.

"बाई, याला उजव्या डोळ्याने दिसत नाही."

बाईंनी येऊन स्वतः पाहिलं, दोनदा पाहिलं.

"मग तिघींच्या फेऱ्या रद्द कराव्या लागतील. दुसऱ्या घोड्यावर पुन्हा सगळं. तुझीसुद्धा, कळतंय ना?"

"हो."

दुसऱ्या फेरीत तिचा एक दांडा पडला. वाळूत गेलेली मुलगी मात्र एकही चूक न करता आली आणि तिची निवड झाली. तिने येऊन पिटुकलीला घट्ट मिठी मारली.

"वेडी आहेस का गं तू?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

सगळे पांगल्यावर पिटुकली नळाशी बादली भरत होती. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"भिंगरीपण अशीच थांबायची," ते म्हणाले. "मी तिला हट्टी म्हणायचो. वर्षभर छडी मारली मी तिला. मग कळलं."

बादली भरून वाहू लागली. नळ त्यांनीच बंद केला.

"म्हणून मला तिच्यावर बसवलंत?"

"सगळ्यांना नाही बसवत तिच्यावर."

एवढं बोलून ते निघून गेले. जागा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्याही वर काहीतरी दाटून आलं, आणि पिटुकली बादली तिथेच ठेवून तबेल्याच्या टोकाला धावली. महाराणीच्या नाकावर आणि अजगराच्या मानेवर जाता जाता हात फिरवला.

"मी आलेय गं," तिने लांबूनच सांगितलं. भिंगरीने मान वळवली. तिच्या गळ्याला गाल लावून पिटुकली उभी राहिली. खूप उपकार झाले गं तुझे, असं ती तिच्या कानाशी पुटपुटली.

जरा वेळाने मास्तर गवताचा भारा घेऊन आले. ते दारातच थांबले, मोठ्याने खाकरले आणि पुरा वळसा घालून भिंगरीच्या डाव्या, दिसत्या डोळ्याच्या बाजूला आले. ते रोज असंच येत. ती त्यांची एक सवय असेल, असंच पिटुकलीला इतके दिवस वाटत होतं.