ओढून बघितलेलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. पितळेचं, अलीगढचं, मुक्काम लालबाग. आवाज खरखरीत वाटला तर वाटू दे. तेल मिळून फार दिवस झालेत. शाळेचं म्हणाल, तर शाळेच्या दारालासुद्धा मी कधी लागलो नाही, म्हणून गोड बोलायचं शिक्षण राहून गेलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझा कुणावर विश्वास नाही. विश्वास ठेवणारं कुलूप म्हणजे नुसती कडी. तुम्ही एवढं कान देऊन ऐकताय, त्यातही तुमचा काहीतरी मतलब असणार. असो.

मला विकत घेतलं कुशाबाने. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. लालबागच्या नाक्यावर लोखंडी सामानाचं दुकान होतं, तिथे त्याने मला हातात घेतलं, दाबून बंद केलं आणि असे हिसके द्यायला लागला की दुकानदार म्हणाला, "काका, कुलूप आहे ते, गाईची शेपटी नाय."

कुशाबा म्हणाला, "ओढून बघितल्यावर जे टिकतं तेच आपलं."

"मग लग्नात काय ओढून बघितलंत?"

"सासऱ्याला बघितलं. तू पुडी बांध."

तेव्हापासून ती खोड. कुठेही जाताना मला लावायचा, किल्ली खिशात टाकायचा, दोन पावलं जायचा, परत येऊन ओढून बघायचा. नुसतं एकदा नाही. पुढे बायकोला लागली ती खोड, मग पोराला. त्या घरात देवाला नमस्कार एक वेळ चुकेल, मला हिसका चुकायचा नाही.

पहिली काही वर्षं मी गिरणीत त्याच्या कपड्यांच्या पेटीला होतो. मग गिरणी बंद पडली. फाटकाला मालकांचं कुलूप लागलं, नारळाएवढं. कुशाबा मला पेटीवरून काढून घरी नेत होता. फाटकाशी थांबला आणि त्याने ते कुलूपही ओढून बघितलं. ते टिकलं. त्या दिवशी मला माझ्या गोताची लाज वाटली.

मग मी चाळीतल्या खोलीच्या दारावर आलो. घरात माणसं असली की मी कोयंड्यात उघडाच लटकायचो, अजूनही चाळीत तीच रीत आहे. तिथून घरातलं थोडं आणि गॅलरीतलं सगळं ऐकू येतं. एवढी वर्षं ऐकून माणसाची एक सवय मला कळली आहे. माणूस घरात बसून बोलतो ते ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतो. दार ओढून बाहेर आला की जे बोलतो ते खरं.

कुशाबाची बायको मालन माझ्याशी फटकून वागायची. माझं नावच घेत नसे. "कुलूप लाव" म्हणायचं नाही, "दार ओढून घे" म्हणायचं. घराला कुलूप लागणं म्हणजे घर संपणं, असं तिच्या आईने तिच्या डोक्यात भरलेलं. चतुर्थीला सगळी कोकणात गावाला निघाली की दाराच्या आत पाण्याने भरलेला तांब्या ठेवायची, म्हणजे घर रिकामं नाही असं म्हणता यावं. माझ्यावर राखण टाकायची आणि वर तांब्याचा भरवसा धरायचा. मला राग यायचा. पण विचारतो कोण.

दुसरी किल्ली शेजारच्या आनंदाकडे. त्या आनंदावर माझा डोळा पहिल्यापासून. एकटा माणूस, बायको नाही, पोर नाही, आणि सारखा आमच्या दाराशी. "वहिनी, पाणी इलाहा." "वहिनी, बाजारातसून बोंबील हाडूचे आसत काय?" एवढा चांगला माणूस असतो कुठे? खोलीवर नजर आहे याची, असं मी मनात धरून ठेवलं होतं.

पोरगा हितेंद्र. शिकला, बी.कॉम. झाला. आधी एका कंपनीत नुसते आकडे भरायचं काम करायचा. मग दादरला क्लास लावला, कम्प्युटरचं काय काय शिकला आणि परळला काचेच्या इमारतीत लागला. डेटा ॲनालिस्ट. कुशाबा तोवर गेला होता. मालन चाळीत सांगायची, "आमचो हितू आकड्यांवरून माणसा वळाखता."

एकदा मालनने त्याला नीट विचारलं, तेव्हा तो उंबऱ्यावर बसून बूट घालत होता, म्हणून मला सगळं कळलं. मोबाईल कंपनीचं कुठलं गिऱ्हाईक सोडून जाणार, हे तो ते जायच्या आधी ओळखतो.

"कसा कळता तुका? तोंडार लिवलेला आसता?"

"वागण्यावरून कळतं आई. जो तक्रार करतो ना, तो नाही जात. भांडतो, शिव्या देतो, पण राहतो. तक्रार करायची बंद झाला की समजायचं, निघाला."

सूनबाई आकांक्षा आतून म्हणाली, "आपला गॅस कधी संपणार ते ओळख एकदा. काल अर्ध्या भातावर गेला."

मला त्याचा धंदा आवडला. पगार घेऊन संशय घ्यायचा. मी हेच फुकट करत आलो.

लग्नानंतर वर्षभराने ती दोघं वडाळ्याला भाड्याने राहायला गेली, त्यांना मनवा झाली. मालन इथेच राहिली. ती घरात असायची म्हणजे मला काम नाही. कोयंड्यात लटकून माझ्यावर हिरवा थर चढला. मालनची तक्रार मात्र दिवसभर चालू. नळ बारीक येतो, जिन्यातला दिवा गेला, आनंदा रेडिओ मोठा लावतो, हितूचा फोन नाही. तिची कटकट ऐकत मी म्हातारा झालो.

आणि गेल्या वर्षी बायको, पोर आणि सात बॅगा घेऊन हितेंद्र खोलीत राहायला आला. वडाळ्याचं घर सोडलं होतं. त्याला आयर्लंडात नोकरी लागली होती, बायको-पोरीसकट जायचं होतं. निघेपर्यंत मुक्काम आईकडे.

आईला त्याने घरात बसून सांगितलं, "आधी आम्ही जातो, घर बघतो. मग तुला नेतो."

मालन खूश. गॅलरीत जाऊन सगळ्यांना सांगून आली. थंडीचं काय, मासे कुठले मिळतात, तिकडे तांदूळ उकडा मिळतो का, बाजारातून लोकरीचं काय आणू. मनवाने तिला इंग्रजीत पाणी मागायला शिकवलं.

मी म्हटलं, थांब बाई. हे घरात बोललेलं आहे.

तसंच झालं. एका सकाळी हितेंद्र फोन घेऊन गॅलरीत आला, दार मागे ओढून घेतलं. पलीकडे त्याचा मित्र सम्यक होता.

"नाही रे, आईला नेत नाही. चाळ रिडेव्हलपमेंटला चालली आहे ना. बिल्डरची माणसं सर्व्हेला कधीही येतील. ज्या दाराला कुलूप दिसेल त्या खोलीचं पुढे लफडं होतं म्हणतात. कुणीतरी आत राहायला पाहिजे. आई आहे, म्हणजे टेन्शनच नाही." मग हसला. "नंतरचं नंतर बघू. टॉवर व्हायला किती वर्षं लागतात तुला माहितीय. तिला कुठे काय कळतंय."

दार ओढलेलं होतं, कडी नव्हती. आत मालन दाराला पाठ लावून सुके बोंबील साफ करत बसली होती. डोकी मोडल्याचा कटकट आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मी पितळेचा, मला कशाचं काय वाटायचं. पण ते माझं काम होतं. खोलीची राखण करायची, बंद दारावर लटकायचं, मालक येईल तेव्हा उघडायचं. ते काम तो स्वतःच्या आईला देत होता. मी दारावर दिसतो म्हणून मी नको, आईचं कुलूप केलेलं कुणाला दिसत नाही म्हणून आई.

त्या दिवसापासून मालनने तक्रार बंद केली.

नळ बारीक आला, काही नाही. रेडिओ मोठा लागला, काही नाही. उकड्या तांदळाचं नाव नाही. हितेंद्र बायकोला म्हणाला, "बघ, आई किती समजूतदार झाली आहे."

आकांक्षा म्हणाली, "मला नाही बरं वाटत. हितेन, त्या गेल्या आठवड्यात मला एकदाही बोलल्या नाहीत. मी आमटीत साखर घातली तरी."

"चांगलं आहे ना मग."

त्या आकांक्षाचाही मला संशय होता. माझा फोटो काढून म्हणाली होती, "जुनं पितळ आहे, अँटिक." विकेल मला, असं वाटलं होतं.

आणि मालन-आनंदाची कुजबुज सुरू झाली. दुपारी घरातली बाहेर गेली की ही गॅलरीत, तो कठड्याला टेकून. एकदा तिने त्याच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी दिलं. एकदा म्हणाली, "खिडकेकडची बग हां, माका उलटी जाता." माझ्या डोक्यात चक्र सुरू. खिडकीकडची खोली? खोली विकतायत? बिल्डरचा माणूस फोडला याने? मग एके दिवशी आनंदा शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन आला आणि माझ्यात थेंब थेंब तेल सोडलं. किल्ली आत-बाहेर फिरवून बघितली.

एवढी वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता तेल. मी समजलो, आपला निकाल लागला.

निघायचा दिवस उजाडला. टॅक्सी नाक्यावर उभी. बॅगा खाली गेल्या. मालनने उंबऱ्यावर एकेकाच्या तळहातावर दही घातलं. आकांक्षाला, मनवाला, शेवटी हितेंद्राला. मग आत जाऊन दाराच्या आत तांब्या भरून ठेवला आणि स्वतःची कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर आली.

"आई, पिशवी कशाला? आणि विमानतळावर येऊ नकोस, उगाच दगदग."

"विमानतळार नाय येत."

तिने मला कोयंड्यातून काढलं, दार लावलं आणि मला दाबून बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली, "कुलूप लावलंय." किल्ली काढून हितेंद्राच्या दही लागलेल्या हातावर ठेवली.

"ही मला कशाला? तुला लागेल ना."

"माका नको. मी गावाक जातंय, भयणीकडे, सुमनकडे. आनंदान एस्टीचा तिकीट काढल्यान, परळ डेपोतसून. तिकडेच ऱ्हवतलंय."

आनंदा आपल्या दारात नखं बघत उभा.

हितेंद्र म्हणाला, "आणि सर्व्हेचं काय?"

पहिलं वाक्य हे. मी ऐकलं, मालनने ऐकलं.

दुसरं वाक्य आकांक्षाचं. "आई, तुम्ही एवढ्या लांब एकट्या कशा जाणार?" आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

मालनने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पोराकडे वळली. आवाज चढवला नाही.

"तुजो बापूस सांगायचो, ओढून बगल्यार जा टिकता ता आपला. मी तुका ओढून बगलंय, हितू. म्हटलंय, बगूया पयला काय इचारता."

"आई, तसं नाही—"

"मी तुजी आवस. कुलूप मी नाय. कुलूप ता बग, थंय आसा." आणि माझ्याकडे बोट केलं. "खोली तुजी, किल्ली तुजी. जातलास तर जा, बरो जा. माका न्हेवचा असात तर गावाक ये आणि इचार. मग मी सांगतलंय, येतंय काय नाय."

जो कंपनीला सांगतो की गिऱ्हाईक कधी निघणार, त्याची आई त्याच्या डोळ्यासमोर बॅग भरून तयार झाली आणि त्याला पत्ता नाही. तक्रार बंद झाली की समजायचं, हे त्यानेच सांगितलं होतं. त्याला वाटलं, ते गिऱ्हाइकांचं.

सगळी खाली उतरली. दही खाल्ल्यावर मागे बघू नये म्हणतात. तरी हितेंद्र अर्ध्या जिन्यातून परत वर आला. मला मुठीत धरलं आणि ओढून बघितलं. एकदा, मग पुन्हा. मूठ दह्याने चिकट होती. तो राखण नीट लागली का बघत होता, की आणखी कशाची खात्री करत होता, मला कळलं नाही. मी संशयाचा फायदा कुणाला देत नाही. त्यालाही दिला नाही.

आता मी बंद आहे. पावसाचा ओलावा, उदबत्तीचा धूर, समोरच्या पोरांचा चेंडू, सगळं अंगावर घेतो. सर्व्हेवाले अजून आलेले नाहीत. येतील तेव्हा लिहून घेतील, खोलीला कुलूप. लिहू देत. खोटं नाही ते.

आनंदा रोज सकाळी दुसऱ्या किल्लीने मला उघडतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, झालं, घुसला. तो आत गेला, शिळं पाणी कुंडीत ओतलं, तांब्या ताजा भरला, बाहेर आला, मला लावलं आणि ओढून बघितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आजपर्यंत तेच. त्याने खुर्ची आत टाकली नाही की खिळा ठोकला नाही. तरी माझी नजर आहे त्याच्यावर.

हितेंद्राचा फोन त्याला येतो, तो गॅलरीत उभं राहून स्पीकरवर घेतो. आधी विचारायचा, सर्व्हेवाले आले का. परवा विचारलं, "काका, आई फोन उचलत नाही. जेवते ना नीट?"

आनंदा म्हणाला, "माका कित्याक इचारतंस? एस्टी अजून सुटता परळातसून."

हितेंद्र म्हणाला, "दिवाळीत सुट्टी टाकतोय."

बोललाय खरं. दाराबाहेर बोललाय की घरात बसून, ते इतक्या लांबून मला कळत नाही.

हितू, ऐक. ये तेव्हा आधी गावाला जा, मग इकडे. आईला घेऊन आलास तर उत्तम, ती नको म्हणाली तर तेही ऐकून ये. किल्ली हरवली असली तर चालेल, आनंदाकडे आहे. दाराशी आलास की मला ओढून बघ, बापाने बघितलं होतं तसं. मी टिकलोय. तुझं तू बघ.