नसलेल्या बॉयलरची रजा

वाफेराव चौतीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळत होते, आणि गेल्या वर्षी ते केंद्र बंद झालं. म्हणजे कागदावर झालं. देशाने जगाला शब्द दिला होता, परिषदेत टाळ्याही पडल्या होत्या, तेव्हा तारीख टळून चालणार नव्हतं. डोंगरभर सौरपट्ट्या चकाकत होत्या. फक्त तिथून शहरात वीज आणणारी तार कोणत्या खात्याने ओढायची, इथे घोडं अडलं होतं. तोवर शहराला काय अंधारात बसवायचं? म्हणून बंद केंद्र चालू होतं. वाफेरावांना पगार मिळे तो ‘स्मारकाचे रखवालदार’ म्हणून. चिमणीला आकाशी रंग दिला होता. धुराला रंग देता येत नाही, हे समितीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

हे सोंग वाफेरावांनी जन्मभर निमूट वठवलं असतं. पण लेकीचे दिवस भरले. आईविना वाढलेली पोर ती. तिने एवढंच मागितलं होतं, “बाबा, तुम्ही दाराबाहेर उभे राहा, मला तेवढं पुरे.”

त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली.

मोठ्या साहेबांनी अर्ज दोन बोटांत धरला. “बॉयलरवरून रजा? कुठल्या बॉयलरवरून?”

“साहेब, तो काय, खिडकीतून दिसतोय.”

“मला दिसत नाही. मी तसं लिहून दिलंय.”

“मग माझ्या जागी दोन दिवस कुणी तरी द्या.”

“नसलेल्या बॉयलरवर माणूस नेमू? माझी नोकरी खाता का? अहो, बंद केंद्रावर तुमचं कामच काय? आणि काम नाही तर रजा कशाला?”

वाफेरावांनी डोकं खाजवलं. साहेबांचं काही चुकत नव्हतं. आणि साहेबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही तर वाफेरावांची ख्याती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. वाफेरावांनी कोळसा थांबवला, आग रीतसर विझवली, नोंदवहीत ‘आदेशानुसार बंद’ असं लिहिलं आणि समोरच्याच रस्त्यावरचं हॉस्पिटल गाठलं. हॉस्पिटलला जनरेटर असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तोही स्वच्छ धोरणात मोडीत निघालाय, हे ठाऊक नव्हतं.

बॉयलरमध्ये उरलेली वाफ संपली, आणि तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये त्यांची लिफ्ट थांबली. दिवा गेला. आणि वरून एक बारीक, संतापलेलं रडणं ऐकू आलं. वाफेरावांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

“अहो, सगळं शहर ठप्प झालंय! बॉयलर पेटवा!”

“कुठला बॉयलर, साहेब?”

“तोच हो... जो नाहीये तो! पाया पडतो तुमच्या!”

“पेटवला असता, साहेब. पण मी लिफ्टमध्ये अडकलोय. लिफ्ट विजेवर चालते.”

वरच्या मशीनच्या खोलीतून लिफ्टमनची हाक आली, “आजोबा, घाबरू नका! हाताने चाक फिरवतो. वर घेऊ की खाली?”

“खाली!” साहेब फोनमधूनच ओरडले. “खाली घ्यायला सांगा! हवी तेवढी रजा देतो, मागच्या तारखेने देतो!”

वाफेरावांनी नोकरीत पहिल्यांदाच साहेबांचा फोन कापला.

“वर घे बाबा,” ते म्हणाले. “पाच मिनिटं लेकीच्या दाराशी उभा राहतो. मग खाली.”