गळतीवाले आणि तीन मडकी

बायको पाचच्या बसने यायची होती; गळतीवाले चारपासूनच घड्याळ आणि फाटकाकडे आळीपाळीने बघत होते.

तीस वर्षं त्यांनी लोकांच्या गच्च्या आणि टाक्या गळायच्या थांबवल्या होत्या, म्हणून हे नाव. पंधरा दिवसांपूर्वी मुलीकडे जाताना बायकोने तीन मडकी पुढ्यात ठेवली. "लिंबोणीभोवती गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकण. नळाला चार दिवसांनी पाणी येतंय, पाइप लावू नका. आणि अहो, झाड माझ्या आईच्या हातचं आहे." शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, म्हणजे धमकीच.

मडकी भरून पाहिली, तर बाहेरून ओली! कुंभारणीने चक्क गळका माल दिला होता. गळतीवाल्यांनी ती वाळवली, आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि मगच पुरली. रोज झाकण उचलून बघत. पाणी काठोकाठ! शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. बचत म्हणतात ती ही.

आज मात्र पानं वळून सुरळ्या झालेली दिसली. त्यांनी घाबरत कुंभारणीला फोन लावला.

"बाई, मडकी तर छान आहेत. थेंब गळत नाही. लेप दिलाय मी."

"मग साहेब, झाड काय तुमचं कौतुक पिणार? मुळांशी पाझरायलाच तर घेतात ती!"

छिन्नी-हातोडी घेऊन ते मडक्यांशी झटू लागले. लेप काही सुटेना. त्यांनी आयुष्यभर दहा वर्षांची गॅरंटी दिली होती आणि ती खरी निघायला नेमका आजचा दिवस सापडला. घामाने छिन्नी निसटत होती. एक मडकं कसंबसं फुटलं आणि फाटक वाजलं.

बायको पिशवीसकट सरळ झाडापाशी आली. फुटकं मडकं पाहिलं, आतला चकचकीत लेप पाहिला. नवऱ्याकडे पाहिलं नाही. अंगठ्याच्या नखाने फांदीची साल खरवडू लागली. आत तपकिरी निघालं. ती खाली वाकली, बुंध्याजवळ खरवडलं.

हिरवं.

"जगेल. बादली आणा."

ते धावले. मागून शांत आवाज आला, "तुमचं काय करायचं ते चहा झाल्यावर बघू."

बादली झाडापाशी येईस्तोवर निम्मं पाणी वाटेतच सांडलं.